दहा दिवसांच्या गोळ्या

लग्नानंतरच्या नव्या दिवसांचा विषय निघाला की धैर्यशीलचा चेहरा आजही फुलतो. गुजरातेतल्या छाणीच्या वर्कशॉपमध्ये लेथ चालवून घरी आला की तो संयोगिताला स्कूटरवर घेऊन लहरीपुऱ्याच्या बाजारात जायचा. तिथे शेवउसळ ठरलेली. तिखटानं तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, तरी ती आणखी तर्री मागायची.

दुसऱ्या वर्षी जड लोखंड उचलताना त्याचा मणका सरकला. डॉक्टरांनी ट्रामाडोलच्या गोळ्या दिल्या, दहाच दिवसांसाठी. पण गोळी घेतली की कंबरही शांत व्हायची आणि मनही. मेडिकलवाला हार्दिक ओळखीचा. "लई जाओ ने, चिठ्ठीनी शी जरूर?" असं गुजरातीत म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवायच पाकीट पुढे करायचा. अशी चार वर्षं गेली.

मूल होईना. धैर्यशीलची आई विजयमालाबाई सुनेलाच वैद्यांकडे नेत, उपास करायला लावत. संयोगिता मुकाट्यानं सगळं करायची. धैर्यशील संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. तिच्या जवळ जावं असंही त्याला वाटेनासं झालं होतं.

शेवटी संयोगितानंच त्याला डॉक्टर नीरजाताईंकडे नेलं.

"दाढी किती दिवसांनी करता?" त्यांनी विचारलं.

"पूर्वी रोज. आता आठवड्यातून एकदा पुरते. वय झालं, दुसरं काय!"

"चौतिसाव्या वर्षी?"

रक्ताच्या तपासणीत टेस्टोस्टेरॉन फार कमी निघालं, शुक्राणूही मोजकेच. नीरजाताईंनी समजावलं, "ही अफूच्या जातीची औषधं. रोज घेतली की मेंदूकडून वृषणांना जाणारा संदेशच मंदावतो."

"मग हार्मोनचं इंजेक्शन द्या ना."

"त्यानं शुक्राणू आणखी घटतील. गोळी सोडायची, पण एकदम नाही. मी सांगेन तशी, हळूहळू."

घरी येऊन धैर्यशील आईसमोर बसला. "आई, संयोगितात काही दोष नाही. माझ्या गोळ्यांनी हे झालंय."  विजयमालाबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि सुनेच्या हातातलं लाटणं काढून घेत म्हणाल्या, "आज उपास नाही करायचा. बस, गरम पोळी वाढते."

गोळी पूर्ण सुटायला पाच महिने लागले. घाम, जुलाब, चिडचिड, सगळं झालं. त्यानंतर आठेक महिन्यांनी तपासणीचे आकडे सुधारले, आणि पुढच्या वर्षी राजेश्वरी जन्मली. सगळ्यांचंच असं होत नाही, हे नीरजाताईंनी आधीच सांगून ठेवलं होतं.

राजेश्वरी आता शाळेत जाते. पण धैर्यशीलला हुरहूर लावतात ते गोळी सोडतानाचे महिने. रविवारी सकाळी तो चटईवर कमरेचे व्यायाम करायचा आणि गुजराती शाळेत शिकलेली संयोगिता शेजारी बसून मोजायची, "एक, बे, त्रण..." तो मध्येच दोन आकडे गाळून पुढचा आकडा म्हणायचा. ती त्याच्या पाठीवर चापट मारून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.