वडिलांचं वाक्य

वडील वाळूजच्या कंपनीत होते आणि तरुणपणी कामगारांच्या नाट्यस्पर्धेत कामं करायचे. त्यांच्यासोबतचा एक धाकटा नट पुढं मुंबईला गेला आणि मालिकांतून, सिनेमांतून घराघरांत पोचला. तरी इकडं आला की बजाजनगरला आमच्याकडं जेवल्याशिवाय जायचा नाही. वडिलांना तो दादा म्हणायचा.

माझा भाऊ बिडकीनहून मोटारसायकलवर येताना अपघातात गेला, तेव्हाही तो भेटायला आला. वडील तोवर कुणाशीच धड बोलले नव्हते. त्याच्याजवळ मात्र दार लोटून बराच वेळ बोलले. मी चहा घेऊन गेले तर त्यांचा हात धरून तो रडत होता. ते रडणं खोटं होतं, असं मला आजही वाटत नाही.

मग त्यानं पहिल्यांदाच स्वतः सिनेमा दिग्दर्शित केला. आपल्या शहरात खास खेळ ठेवला, आम्हाला न्यायला गाडी पाठवली. भाऊ गेल्यापासून आई प्रथमच ठेवणीतली साडी नेसली. गोष्ट एका एसटी कंडक्टरची होती. हसत होतो आम्ही. मध्यंतरानंतर त्या कंडक्टरचा मुलगा अपघातात जातो. ओळख पटवायला बापाला शवागारात नेतात. तिथल्या माणसाला तो हळूच म्हणतो, "थंड जरा कमी करा हो. ह्याला थंडी सोसत नाय."

आमचा भाऊ होळीपर्यंत स्वेटर घालायचा.

आईनं माझं मनगट धरलं, मग सोडलं आणि अंधारात भिंत चाचपत बाहेर गेली. आजूबाजूला लोक डोळे पुसत होते. मी आईच्या मागं निघाले. वडील जागचे हलले नाहीत.

खेळ संपल्यावर तो गर्दीतून आमच्याकडं आला आणि वडिलांच्या पाया पडला. विचारायला हवं होतं दादा, पण धीर झाला नाही, असं काहीतरी पुटपुटला. वडिलांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. काम चांगलं झालंय, म्हणाले. आई त्याच्याकडं न बघताच गाडीत जाऊन बसली.

घर जवळ आलं तेव्हा तिनं विचारलं, "तुम्हीच म्हणला होता ना तसं?"

"व्हय."

"मला का नाय सांगितलं?"

गाडी थांबली तसे वडील उतरले. आईनं पुन्हा विचारलंही नाही. पण तेव्हापासून दोघांचं बोलणं भाजी, दूध, औषध एवढ्यापुरतंच उरलं. तो टीव्हीवर दिसला की आई उठून आत जायची. त्याचेही फोन हळूहळू थांबले. सिनेमाचं कौतुक मात्र फार झालं. शेजारपाजारचे त्या प्रसंगाबद्दल आम्हालाच भरभरून सांगायचे.

सिनेमा उतरायच्या सुमारास कळलं की वडील दुपारी एकटेच जाऊन तो पुन्हा पाहून आले होते. मला राग आला. कशाला गेलात, म्हणून मी विचारलं. ते कॉटवर बसून होते.

"त्या बापानं अंगातलं स्वेटर काढून पोराच्या अंगावर घातलं," ते म्हणाले. "मी नुसतंच बोललो गं."