साडीच्या टाचेची उंची

नव्याण्णव साली मी पुण्याहून बेंगळुरूला आलो आणि मल्लेश्वरममधल्या एका साड्यांच्या दुकानाच्या माडीवर नोकरीला लागलो. मालकांना इंटरनेटवर साड्या विकायच्या होत्या. त्यासाठी परदेशातून आणलेल्या प्रोग्रामचं उद्‌घाटन होऊन गेलं होतं. संगणकावरचा हार आठवडाभर तिथेच कुजत होता. साडी एकही विकली गेली नव्हती, मालकांचे सत्कार मात्र दोन झाले होते.

प्रोग्राम मुळात बुटांच्या दुकानासाठी केलेला. दर साडीमागे चव्वेचाळीस रकाने: रंग, किंमत, आणि मग टाचेची उंची, तळव्याचा प्रकार, नाडी आहे की नाही. एकही रिकामा सोडला तर पान पुढे सरकत नसे. ते पान उघडलं की मला शिसारी येई.

ते भरायचं काम अक्कांकडे. त्या बेंगळुरूच्याच शिवाजीनगरच्या, चार पिढ्या इथेच मुरलेल्या मराठी घरातल्या. दिवसाला चाळीस साड्या चढल्या नाहीत तर महिनाअखेरीस दुसरी बाई येईल, असं मालकांनी त्यांना बजावलं होतं. अक्कांच्या जेमतेम बारा होत.

"टाचेला शून्य टाका आणि पुढे चला," मी म्हणालो.

"शून्य म्हणजे टाच आहे, पण सपाट. साडीला टाचच नाही हो, पुणेकर. दर वेळी खोटं लिहायला हात स्वल्प अडखळतो."

मी टेम्प्लेटची फाइल उघडली. रकाने काढून टाकले तर प्रोग्राम अडून बसे, म्हणून सदतीस रकाने नुसते लपवले आणि त्यांत शून्य आधीच भरून ठेवलं.

"सरी, ठीक आहे. आता खोटं तुमच्या नावावर," अक्का म्हणाल्या. त्या दिवशी पंचेचाळीस साड्या चढल्या.

पुढच्याच आठवड्यात मालक पाहुणे घेऊन माडीवर आले. एकेका साडीची चव्वेचाळीस अंगांनी नोंद होते, हे जिन्यातच सांगून झालं होतं. पडद्यावर निघाले सात रकाने.

"बाकीचे कुठे गेले?" पाहुण्यांना कळू नये म्हणून मालकांनी मराठीत विचारलं.

"लपवलेत."

"काढ बाहेर. आणि हा अक्कांचा उद्योग असेल, तर उद्यापासून त्यांनी येऊ नये."

मी जुनी फाइल परत लावली. पाहुण्यांतल्या एक वयस्कर बाई वाकून पाहू लागल्या. टाचेची उंची कसली, असं त्यांनी विचारलं. मालक माझ्याकडे पाहू लागले. अक्कांनीच कन्नडमध्ये सांगितलं, "तो रकाना बुटांचा आहे. साडीला टाच नसते."

बाई हसल्या. "मग दाखवता कशाला?"

मालकांनी क्षणही घेतला नाही. "तेच तर! नको ते लपवायचं, हे आमचं पहिल्यापासूनचं धोरण. दाखव रे यांना आपलं नवं पान."

मी सात रकाने पुन्हा दाखवले. टाळ्या पडल्या. मालकांनी त्या मान लववून घेतल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. ती किळस अजून गेलेली नाही. अक्का तेवढ्या पुढची साडी भरत बसल्या होत्या.

महिनाअखेरीस दुसरी बाई आली नाही. तिसरा सत्कार मात्र झाला.