आईनं सोडलेली द्राक्षं

बाबा मंगळवारी गेले. बुधवारी आम्ही दुधाची एक पिशवी कमी घेतली.

बाबा ठाण्याच्या कोर्टात नोकरीला होते आणि डोंबिवलीला घरी परतले की फ्रान्सला जात. म्हणजे पुस्तकातून. त्यातही पॅरिसला नाही, नैर्ऋत्येकडे. तिथे म्हणे दर खोऱ्याची वाईन निराळी आणि द्राक्षंही खास तिथलीच: तनात, नेग्रेत, मोझाक. आई कोथिंबीर निवडत असली की बाबा तिला सांगत, तनातची वाईन जांभळासारखी, जीभ कोरडी पाडते. (त्यांनी आयुष्यात वाईनचा थेंब चाखला नव्हता. त्यांची जीभ बोलूनच कोरडी पडायची!) आई म्हणायची, द्राक्षं ती द्राक्षं. मग बाबा दुखावून म्हणत, "अगं, बाजारातली द्राक्षं आणि ही, यांचा काही संबंध नाही."

त्यांचं सगळ्यात लाडकं द्राक्ष म्हणजे लेन द लेल. त्याचा घोस लांब देठाला लोंबतो, फांदीवरच्या डोळ्यापासून, म्हणजे कोंबापासून, दूर, म्हणून त्याचं नावच 'डोळ्यापासून लांब'. त्याची वाईन एकदा आईबरोबर घोटभर प्यायची, एवढी एकच त्यांची इच्छा. माझा मामेभाऊ मंदार ऑफिसच्या कामानं फ्रान्सला निघाला, तेव्हा त्यांनी त्याला बाटली आणायला सांगितली. मंदार परत यायच्या आत तो मंगळवार आला.

नंतर आई आणि मी काशीला गेलो. तिथे वारलेल्या माणसाच्या नावानं एक भाजी आणि एक फळ जन्मभरासाठी सोडतात. लोक बहुधा नावडतंच सोडतात. आईनं पडवळ आणि द्राक्षं सोडली. (द्राक्षांनी तिचे दात आंबतात.) मीही तेच सोडलं, पण मला पुस्तकी सवय. पळवाट राहू नये म्हणून मी गुरुजींना म्हटलं, "द्राक्षं, जगातल्या सगळ्या जातींची, आणि त्यांच्यापासून जे जे होतं ते सगळं." गुरुजींनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि हातावर पाणी घातलं.

आम्ही परतलो, तेव्हा मंदार बाटली घेऊन आला. (फ्रान्सहून ती एका रात्रीत आली होती. मंदारच्या घोडबंदर रोडवरच्या घरून आमच्याकडे यायला तिला दोन रविवार लागले!) लेबलवर लेन द लेल. मला रडू आलं. दोघींनीही द्राक्षं सोडलेली. बाबांचं राहिलेलं आता राहिलंच.

मंदार हळूच म्हणाला, "आत्या, मग मी एकटाच पिऊ का?"

"गप रे," आई म्हणाली. मग तिनं बाटली जवळ ओढून घेतली. "मी बाजारातली द्राक्षं सोडली. त्यांचा आणि या बाटलीतल्या द्राक्षांचा संबंध नाही, असं हे जन्मभर सांगत होते. मी उगाच वाद घातला. आता मला पटलं."

बूच काढायला घरात काहीच नव्हतं. मंदारनं स्क्रू आणि पक्कड लावून बुचाच्या वरच्या टोकाचा भुगा केला. बूच आत ढकललं तरी चालतं, असं मी कुठेतरी वाचलं होतं. तसं सांगून मी त्याला ताकाची रवी दिली. त्यानं दांडा जोरात दाबला. बूच आत गेलं आणि कारंजं उडालं ते थेट भिंतीवरच्या बाबांच्या फोटोवर, हारासकट!

मी फडकं घेऊन धावले. आईनं हात धरला. "राहू दे. त्यांचा घोट झाला." मग तिनं चहाच्या कपात थोडी ओतून घेतली आणि डोळे मिटून प्यायली.

"तू घे ना," मंदार मला म्हणाला.

मी संकल्पाचे शब्द सांगितले. मंदारला हसू आवरेना. आई म्हणाली, "तुला एवढं सविस्तर सोडायला सांगितलं होतं कुणी?"

बाटलीत आता मनी प्लांट आहे. बूच आतच आहे. शिऱ्यातले बेदाणे मी वेचून आईच्या ताटात ठेवते. संध्याकाळी ती कोथिंबीर निवडत असली, की बाबांचं पुस्तक उघडून मी तिला त्या वाईनची चव वाचून दाखवते. आई म्हणते, "तशी नव्हती."