बिनआवाजाची राखण

कर्जतच्या अलीकडे आमची एसटी बंद पडली, तेव्हा रस्त्याकडेच्या बाजरीत एक बाई दिसली. खत लागून पीक तरारलं होतं, कणसांवर पाखरं उतरत होती, आणि ती चकार शब्द न काढता पदर हलवत बांधावरून नुसती पळत होती.

"ओरडा की, मावशी!" मी म्हणालो.

"नगं बाबा! त्या पल्याडच्या शेडात, पिंजऱ्यांत, अंडी देनाऱ्या लाव्या हायेत, तितरावानी बारकी पाखरं. वरडलं की बिथरत्यात, अंडी देत न्हाईत. त्यांच्यासाठीच तर ही बाजरी."

इतक्यात बाजरीतून एक रानातली लावी बोलली. शेडातून कितीतरी आवाज उठले. मावशी पहिल्यांदाच थांबली.

"हिला तेवढं हाकलीत न्हाई मी. त्या बोलत्यात तिच्याशी."

लगेच ती पुढं पळाली. गाडी सुरू झाली, पण पिंजऱ्यांतले ते आवाज कानात राहिले; मला काही जागेवर बसवेना.