सत्कार झाला, गाणं राहिलं

अमेरिकेतल्या अख्ख्या जॉर्जिया राज्यात आमच्या शेजारच्या आजोबांइतका रागीट माणूस शोधून सापडायचा नाही, आणि रागावण्याचा त्यांच्याइतका हक्क असलेलाही सापडायचा नाही. आम्ही अल्फारेटात घर घेतलं त्या पहिल्याच आठवड्यात ते हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन दारात उभे. शहाऐंशीचं वय, काळाभोर वर्ण, त्याहून काळेभोर रंगवलेले केस, कडक इस्त्रीचा जांभळा शर्ट. ना हॅलो, ना वेलकम. "तुमची बेल बेसूर आहे. सात वर्षं ऐकतोय. आता मालक बदललाय, तर बेलही बदला!" मीही नागपूरची. म्हटलं, "तुम्ही कोण मोठे गवई लागून गेलात?" त्यावर ते म्हणाले, "होतोच मी!" आणि त्यांनी बेल उचकटायला घेतली.

गवई ते खरेच होते. रॉक अँड रोल नावाचं प्रकरण या देशात नुकतं रांगायला लागलं होतं, तेव्हा हे सतरा वर्षांचे होते. चर्चमध्ये गाऊन तयार झालेला गळा. एका छोट्या स्टुडिओत रेकॉर्ड निघाली, रेडिओवर वाजली. एका मोटारीत पाच जण आणि टपावर बांधलेलं माणसाएवढं तंतुवाद्य, असे गावोगाव हिंडले. ज्या हॉलमध्ये माणसं त्यांच्या गाण्यावर वेड्यासारखी नाचायची, तिथे त्यांना पुढच्या दारानं आत सोडत नसत. रेकॉर्डच्या वेष्टनावर फोटो होता हसत आइस्क्रीम खाणाऱ्या एका गोऱ्या जोडप्याचा. पुढे कंपनीनं तेच गाणं एका गोऱ्या पोराकडून गाऊन घेतलं आणि ते पोरगं टीव्हीवर झळकलं. आजोबा उरलेलं आयुष्य शाळेची बस चालवत राहिले. हे ऐकून माझं डोकं असं फिरलं म्हणता! मी म्हटलं, "तुम्ही गप्प बसलात?" ते म्हणाले, "गप्प? मी सत्तर वर्षं ओरडतोय. तुला आत्ता ऐकू आलं."

आणि ओरडायचे ते कशावरही. सुपरमार्केटमध्ये छतातून वाजणाऱ्या गाण्यात ढोल मागे पडतोय म्हणून त्यांनी मॅनेजरला बोलावून घेतलं होतं. कुणी 'जुनी गाणी' म्हटलं की संपलंच. "भाजी जुनी होते, गाणं नाही!" माझा आल्याचा चहा रोज पीत आणि रोज नावं ठेवत. माझ्या पंधरा वर्षांच्या लेकीला गिटार शिकवताना तर असे गरजायचे की मी दोनदा मध्ये पडले. पण ही कार्टी, जिला मी एक शब्द बोलले की दार आपटून जाते, ती त्यांच्यापुढे मुकाट बसायची. "आई, ही इज नॉट मॅड अॅट मी," ती मला समजावायची.

मग मार्चमध्ये त्यांच्या घशात गाठ सापडली, ती वाईट निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्रच काढावं लागेल. त्या दिवशी ते पहिल्यांदा हळू आवाजात बोलले. एक गाणं त्यांनी कुणाला दिलंच नव्हतं, रेकॉर्डही केलं नव्हतं. पहिलं चोरीला गेल्यावर हे पोटाशी धरून ठेवलं होतं. "सोमवारी ऑपरेशन आहे," म्हणाले. "त्याआधी एकदा माणसांसमोर म्हणायचंय." मी उत्साहाच्या भरात बोलून गेले, "आमच्या मराठी मंडळात या! शनिवारी पाडव्याचा कार्यक्रम आहे, तीनशे माणसं असतात." कार्याध्यक्षांना फोन केला. "अहो वहिनी, बिनधास्त आणा! दहा मिनिटं दिली," ते म्हणाले.

आजोबा जांभळा शर्ट घालून, गिटार मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसले. दीपप्रज्वलन झालं. प्रास्ताविक झालं, मग प्रायोजकांचे आभार, मग मागच्या कमिटीचे आभार, मग मागच्या कमिटीनं नव्या कमिटीचे मानलेले आभार. दीड तास! शेवटी आजोबांना स्टेजवर बोलावलं. ते गिटार गळ्यात अडकवून माईकपाशी पोहोचतात न पोहोचतात, तोच कार्याध्यक्षांनी त्यांच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला, फोटो काढला आणि माईकमध्ये म्हणाले, "थँक यू सर! मंडळी, पुऱ्या गरम आहेत, लाइन करा!"

तीनशे खुर्च्या एकदम सरकल्या. मी ओरडले, "अहो, त्यांचं गाणं!" कार्याध्यक्ष म्हणाले, "वहिनी, हॉल दोनपर्यंतच आहे. सत्कार केला ना आपण?" सत्कार म्हणे! गाणाऱ्याला गाऊ द्यायचं नाही आणि वर नारळ द्यायचा, ही अक्कल आपल्याच लोकांना सुचते. पण त्यांना तरी काय बोलू? तोच नारळ कितीजणांना देताना मी स्वतः टाळ्या वाजवल्या आहेत, आणि पानाकडे पळालेही आहे. आजोबा मात्र ओरडले नाहीत. तेच वाईट होतं. म्हणाले, "गाडी काढ."

पार्किंगमध्ये त्यांनी मला इंजिन बंद करायला लावलं, काचा वर करायला लावल्या. मागच्या सीटवर लेक, पुढे आम्ही दोघं. आणि ते गायला लागले. आवाज फाटला होता, मध्येच श्वास पुरत नव्हता, पण काय गायले! सगळा राग त्या गाण्यात होता आणि तळाशी कसलीशी माया. मी स्टिअरिंग धरून ढसाढसा रडले. लेकीनं हळूच फोन वर केला. त्यांनी गाता गाता हातानंच तो खाली केला. गाणं संपल्यावर म्हणाले, "एकदा एक गाणं रेकॉर्ड केलं होतं. पुरे. हे तुम्ही दोघींनी लक्षात ठेवायचं."

ऑपरेशन नीट झालं. आता ते संध्याकाळी आमच्या दारातल्या ओट्यावर बसतात. लेक गिटारवर ते गाणं काढते, मी म्हणते. पहिलं कडवं येतं. दुसऱ्यात आमची भांडणं होतात. ती म्हणते, "आई, चुकतेयस तू," मी म्हणते, तूच. आजोबा मान हलवतात: दोघीही चुकताय. पाटी पुढे केली तरी शब्द लिहून देत नाहीत. कपाळाची शीर फुगते, ओठ हलतात, आवाज येत नाही. मला हात जोडून म्हणावंसं वाटतं, ओरडा हो आजोबा, एकदा तरी ओरडा आमच्यावर.