मुका रिव्हेट

नांदुऱ्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये आम्ही छपर पेलणाऱ्या लोखंडी कैच्या जोडायचो. एकानं लाल तापलेला रिव्हेट भोकात घालायचा, एकानं मागून जड लोखंड दाबून धरायचं, एकानं पुढून घणानं त्याचं डोकं बसवायचं. मागून धरणारा मी. वर्षानुवर्षं तो ठोका माझ्या हाडांतून जात राहिला. आधी बोटं बधिर झाली, मग बारीक आवाज ऐकू येईना. कोणी ओरडलं तर कळायचं. मी कोणाला बोललो नाही. बोलून कोण कान परत देणार होतं?

त्या उन्हाळ्यात मिस्त्रीनं मला आणि घण मारणाऱ्या माझ्या जोडीदाराला तपासणीवर घातलं. जुनी माणसं म्हणून मान. थंड झालेला प्रत्येक रिव्हेट हातोडीनं ठोकून पाहायचा. घट्ट असला तर ठणकन 'बोलतो', ढिला असला तर तो 'मुका'. मुका कापून नवा घालायचा. मी ठोकायचं, जोडीदारानं पलीकडून बोट टेकवून कान द्यायचा, दोघांची मान हलली की खडूची खूण. दिवाळीनंतर याच छपराखाली बाया जिनवर कापूस टाकायला बसणार होत्या. त्यांत माझी बायकोही होती.

मी ठोकायचो आणि जोडीदाराच्या तोंडाकडे पाहायचो. कपाळाला आठी नाही, म्हणजे रिव्हेट बोलला. तीन कैच्या झाल्या, एकही मुका निघाला नाही. नागपूरचा साहेब पाहणीला यायच्या आत काम उरकणार म्हणून मिस्त्री खूश.

चौथ्या कैचीवर असताना खाली पाहिलं, तर चिटपाखरू नाही. सगळे लिंबाखाली भाकरी खात बसलेले. जेवणाचा टोल म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा. तो आमच्यापासून दहा हातांवर होता.

मी जोडीदाराच्या कानाशी ओरडलो, "टोल ऐकू नाही आला तुले?"

"नाही. तुले?"

"मलेही नाही. मंग रिव्हेट कसा ऐकतो बे तू?"

"मी कायले ऐकतो? तुह्या तोंडाकडे पाह्यतो. तू मान हालवली का मीबी हालवतो."

हसू यायला हवं होतं. आलं नाही. खाली उतरून भाकरी खाल्ली.

जेवणानंतर आम्ही रिव्हेट तापवणाऱ्या भट्टीवाल्याला पलीकडे उभं केलं. त्याचे कान शाबूत होते; तिथून पुढच्या सगळ्या कैच्या त्याच्याच कानांनी तपासल्या. एकट्या चौथ्या कैचीत पाच मुके निघाले. आधीच्या तिन्हींवर आमच्या खुणा होत्या. मिस्त्रीला सांगितलं असतं तर त्या पुन्हा ठोकल्या असत्या आणि आम्हा दोघा बहिऱ्यांना घरचा रस्ता दाखवला असता. आम्ही सांगितलं नाही.

दिवाळी झाली, जिन सुरू झाली. पहिल्या दिवशी बायको निघाली तेव्हा मी म्हटलं, "चवथ्या कैचीच्या पुढं बसजो."

"काऊन?"

"तिकडं हवा येते."

संध्याकाळी तिनं माझ्या कानाशी ओरडून सांगितलं, की जोडीदाराची बायकोही हवेसाठी तिकडंच येऊन बसली. बाकीच्या बाया अलीकडं, पहिल्या तीन कैच्यांखाली बसल्या.