नवरात्रातल्या नऊ गोळ्या

अंबरपेठच्या तारामतीबाईंना एका जागी बसवणं देवालाही जमायचं नाही. बाई लग्नं जमवतात. हैदराबादेतल्या मराठी घरांत कुणाची मुलगी उपवर, कुणाचा मुलगा अजून आढेवेढे घेतोय, सगळं तोंडपाठ. फोन सदा कानाला. भाजी निवडायची तीही फोनवर बोलत.

श्रावणात उजवा कान बसला, पंधरा दिवसांत डावाही उतरणीला लागला. मळ असेल, वय झालं, मोबाईल सोडा, जो तो अक्कल पाजळून गेला. शेवटी कानाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की शरीराचे पहारेकरीच चुकून घरच्या माणसावर, आतल्या कानावर, लाठी चालवताहेत. उपाय स्टेरॉइडच्या गोळ्या. रोज एक डोस, हळूहळू कमी करत न्यायचा, आणि उपाशीपोटी अजिबात घ्यायचा नाही.

तोंड पुरीसारखं फुगलं, साखर वाढली, झोप उडाली. पण तीन आठवड्यांत कान उघडले की! बाई हरखल्या. अडलेली चार स्थळं पुन्हा हलली.

आणि मग घट बसले. बाईंचे नऊ दिवसांचे कडक उपास, लग्न होऊन आल्यापासून कधी चुकले नव्हते. उपाशीपोटी गोळी चालत नाही ना? मग नऊ दिवस गोळीच नको, देवी बघून घेईल. नवऱ्याला, अंबाजीरावांना, त्यांनी पत्ताही लागू दिला नाही. सातव्या माळेला फोनमधला आवाज विहिरीतून आल्यासारखा झाला. दसऱ्याला उजवा कान ठार बंद.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तपासणीचा कागद बघितला आणि मोठ्यानं विचारलं, "गोलियाँ बराबर लिए ना, अम्मा?"

शेजारी अंबाजीराव बसलेले. बाई म्हणाल्या, "हौ, बराबर." स्थळ दाखवताना मुलाचा चष्मासुद्धा लपवू नका, असं घरोघरी दरडावणारी ही बाई!

मग काय, गोळ्यांचा गुण नाही असं ठरलं. आता जास्त जड औषध, कानाला मशीन, तेही पुरलं नाही तर ऑपरेशन करून आत यंत्र. अंबाजीरावांनी हे सगळं कागदावर लिहून दाखवलं.

घरी बाईंचा जीव थाऱ्यावर राहीना. उठत होत्या, बसत होत्या, पदर पिळत होत्या. गुण नाही कसा? आला होता! आपल्याच खोट्यापायी डॉक्टर भलत्या वाटेला निघालेली. दुपारी त्या तडक रिक्षात बसल्या. मागून धावत आलेले अंबाजीराव कसेबसे आत शिरले.

आपला आवाज किती चढलाय हे बाईंना कळत नव्हतं. "मैं नौ दिन गोली नै खाई! उपास था! सुबह झूट बोली मैं!" सगळा दवाखाना वळून बघायला लागला. अंबाजीरावही.

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला आणि सकाळी लिहिलेली 'गुण नाही' ही ओळ खोडली. अशी गोळी एकाएकी बंद करणं जिवावरही बेततं, म्हणाल्या. पुन्हा त्याच गोळ्या. उतार पडला नाही तर कानाच्या पडद्यातून इंजेक्शन.

"सुनने आएगा?" बाईंनी विचारलं.

"पता नै, अम्मा. कुछ खा के आजकी गोली अब्बी लो."

अंबाजीराव रागावले नाहीत. खाली जाऊन इडली घेऊन आले. त्या दिवशी होती एकादशी. बाईंनी इडलीकडे बघितलं, डोळे पुसले. "विठोबाची माफी मी नंतर मागीन," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, आणि पहिला घास तोंडात घातला.